सोपवून येईपर्यंत: ठाणे-नवी मुंबईत रस्त्यावरच्या निराधार माणसाला मदत करताना

कोपरी पुलाखाली एक आजोबा असायचे. उजव्या पायाला गुडघ्याखाली जखम, तिच्यावर दोरीने बांधलेली प्लास्टिकची पिशवी, आणि उशाशी बिस्किटांच्या पुड्यांचे रिकामे कागद नीट घड्या घालून ठेवलेले. जुलैतल्या एका रात्री जखमेत अळ्या वळवळताना दिसल्या. आम्ही तिघांनी १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, आजोबा सरकारी रुग्णालयात गेले आणि आम्ही समाधानाने घरी. पाचव्या दिवशी आजोबा पुन्हा पुलाखाली. पायाचं बँडेज पावसात भिजून काळं पडलेलं, हातात डिस्चार्जचा कागद. त्यावर लिहिलं होतं, 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ६५'. आजोबांना स्वतःचं नाव चांगलं आठवत होतं, गावही आठवत होतं. ते कुणी विचारलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

तेव्हापासून आमच्या गटात दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरतो: सोडून येणं आणि सोपवून येणं. रस्त्यावरचं माणूस दगावतं ते बहुतेक वेळा दोन दारांच्या मध्ये. स्टेशन आणि रुग्णालय, रुग्णालय आणि निवारा, निवारा आणि घर, यांच्यामधल्या रिकाम्या जागेत. ती जागा कशी भरायची, ते गेल्या काही वर्षांत जेवढं शिकलो तेवढं इथे क्रमाने लिहितो.

कुणाला मदत हवी आहे, ते आधी ओळखा

रस्त्यावर झोपणारा प्रत्येक माणूस असहाय नसतो. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटबाहेर हातगाडीवर झोपणारा हमाल किंवा नाक्यावरचा बिगारी राबून खातो आणि घरी पैसे पाठवतो. त्याला संडास, पाणी आणि सामान ठेवायला सुरक्षित जागा हवी असते. त्याला 'उचलून' कुठे नेणं हा त्याचा अपमान आहे, आणि त्याची दिवसाची मजुरीही बुडते.

काळजी करायची ती स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्याची. उन्हात स्वेटरवर स्वेटर घालून बसलेला माणूस, कपड्यातच शी-शू होऊनही जागचा न हलणारा, रोज दिसणारा पण दोन दिवस न जेवलेला, पैसे मोजता न येणारा. एकटी बाई, तिच्या आसपास रात्री घुटमळणारे तेच ते दोघे. नव्याने येऊन फलाटावर बसलेली आणि 'मुलगा तिकीट काढायला गेलाय' असं दोन दिवस सांगणारी म्हातारी. हे शेवटचं वाक्य ठाणे स्टेशनवर आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे, की ते कानावर पडलं की आता पोटात खड्डा पडतो.

जीवाला तातडीचा धोका नसेल तर एक-दोन दिवस नुसतं पाहा. शेजारचा टपरीवाला, झाडूवाल्या ताई, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक यांना विचारा. माणूस कधीपासून इथे आहे, कोण येऊन भेटतं, रात्री काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पहिली भेट

उभ्याने बोलू नका. समोरून, दिसेल असं या, हातभर अंतर ठेवून त्याच पातळीवर बसा. आधी आपलं नाव सांगा. 'काका', 'मावशी', 'आजी' म्हणा. रस्त्यावरच्या माणसाला एकेरीत हाक मारायची सवय आपल्याला इतकी झालेली असते की ती तोंडातून आपसूक निघते. तिच्यावर लक्ष ठेवा. चहा विचारा, पण 'घेणार का?' असं विचारून मगच आणा. बोचक्याला हात लावू नका. आपल्याला चिंध्या दिसतात, त्यात त्यांचं आधार कार्ड असू शकतं, नवऱ्याचा फोटो असू शकतो.

बाई असेल तर सोबत बाई हवीच. ती नसेल तर लांबूनच लक्ष ठेवा आणि १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा ११२ ला फोन करा.

व्हिडिओ काढू नका, हे मी हात जोडून सांगतो. केस कापून, आंघोळ घालून 'आधी' आणि 'नंतर' असे व्हिडिओ टाकणारे बरेच आहेत, हेतूही बहुधा वाईट नसतो. पण नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बाईचा चेहरा आणि मागे 'सानपाडा' ही पाटी एकाच चौकटीत दिसली, तर आपण तिचा पत्ता थेट त्या नवऱ्याच्या हातात दिलेला असतो. ओळख पटवण्यासाठी फोटो लागलाच तर विचारून एक काढा, आणि तो पोलिसांना किंवा संस्थेलाच द्या.

नाव-गाव लगेच कळत नाही. अशा वेळी सरळ प्रश्न सोडून आजूबाजूचं विचारा. नेरुळला भेटलेल्या एका मावशी तीन आठवडे गावाचं नाव सांगत नव्हत्या. विचारलं की तोंड फिरवायच्या. एकदा गप्पांत विचारलं, 'तुमच्याकडे बाजार कुठल्या वारी?' त्या पटकन म्हणाल्या, 'मंगळवारी.' मग कारखान्याची मळी, मग यात्रा, आणि यात्रेत 'बगाड' हा शब्द आला. आमच्यातला वाईकडचा मुलगा तो ऐकून उठून उभाच राहिला, कारण बगाडाची यात्रा त्यांच्याच भागातली. आठवडी बाजार, यात्रा, नदी, शेतातलं पीक, एसटीचा स्टँड यांच्या आठवणी खूप आत टिकून असतात. बोली मराठी नसेल तर त्या भाषेचं माणूस शोधा. आपल्या शहरांत बंगाली, तेलुगू, कन्नड, ओडिया बोलणारं कुणी ना कुणी दोन इमारतींपलीकडे सापडतंच.

जीवावर बेतलेलं असेल तर

'दारू प्यायलाय' हा रस्त्यावरचा सर्वांत घातक निदान-शब्द आहे. डोक्याला मार, साखर एकदम उतरणं, फिट, अर्धांगवायूचा झटका, या सगळ्यांत माणूस अडखळतो, बरळतो, आडवा होतो. दारूचा वास येत असला तरी यातलं काहीही सोबत असू शकतं. हाक मारून, खांदा हलवून जागं होत नसेल, तोंड एका बाजूला वाकलं असेल, श्वास घरघरत असेल, अंग चटका बसेल इतकं तापलं असेल, तर चर्चा न करता १०८ लावा. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा. तोंडात पाणी ओतू नका, साखरही कोंबू नका.

एप्रिल-मे महिन्यांत उष्माघाताचं भान ठेवा. आपल्याकडची हवा दमट असते, घाम वाळत नाही, त्यामुळे पारा विदर्भाइतका चढला नाही तरी अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उन्हाने माणसं गेली, ती आपल्याच हवेत. सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, वारा घाला.

जखमेत अळ्या असतील तर त्या तिथे बसून उपटू नका. फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन काहीही ओतू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि रुग्णालय गाठा. कित्येक दिवस उपाशी असलेल्या माणसापुढे भरलेलं ताट ठेवण्याचा मोह आवरा. एकदम पोटभर अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडून माणूस दगावू शकतं. पातळ पेज, थोडं थोडं, आणि डॉक्टरांना दाखवणं.

रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडणं हेही तितकंच धोक्याचं. काही तासांत हात थरथरतात, पुढे फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन माणूस बेभान होतो. म्हणून निवाऱ्यात घालून 'आता बंद' असं परस्पर ठरवू नका. आधी डॉक्टर, मग बंदी.

रुग्णालयात

ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि जिल्हा सामान्य रुग्णालय, नवी मुंबईत महापालिकेची वाशी, नेरुळ, ऐरोलीची रुग्णालयं. आपल्यातला एकजण रुग्णवाहिकेच्या मागोमाग पोचलाच पाहिजे. निम्मं काम इथेच असतं.

केस पेपरवर नाव घालून घ्या. माणसाने सांगितलेलं, अर्धवट का असेना, पण नाव. 'अनोळखी' लिहिलं की तो माणूस पुढच्या प्रत्येक टेबलावर अनोळखीच राहतो. मारहाण, अपघात किंवा विषबाधेचा संशय असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांशी संबंधित प्रकरण) अशी नोंद होते. रस्ता अपघातातल्या जखमीला आणणाऱ्याला स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये तसं कलम घातलं आहे. तरी शक्य असेल तर नाव आणि मोबाइल क्रमांक द्याच, कारण डिस्चार्जचा फोन कुणाला तरी जायला हवा.

पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना भेटा. सरकारी आणि मोठ्या पालिका रुग्णालयांत हे पद असतं. लोकांना ते माहीत नसतं. त्यांना दोन गोष्टी सांगा: 'याला घर नाही' आणि 'सोडण्याच्या आदल्या दिवशी मला कळवा'. हेच वाक्य सिस्टरांना सांगा, वॉर्डबॉयला सांगा, केस पेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कोपरीच्या आजोबांच्या वेळी आम्ही एवढंच केलं असतं तर बँडेज पावसात भिजलं नसतं.

मन आजारी असेल तर: कलम १०० हाताशी ठेवा

उभ्या महाराष्ट्रात 'याला ठाण्याला पाठवा' असं लोक सहज म्हणून जातात. १९०१ पासूनचं आपलं मनोरुग्णालय त्या एका वाक्याने बदनाम झालं. प्रत्यक्षात ते उपचारांचं ठिकाण आहे, आणि तिथे माणूस नेण्याची कायद्याने आखलेली वाट आहे. ती प्रत्येक ठाणेकराला माहीत असावी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २०१८ च्या मे अखेरीस तो लागू झाला. त्याचं कलम १०० पोलिसांवर कर्तव्य टाकतं: आपल्या हद्दीत कुणी भटकताना आढळलं, त्याला मानसिक आजार आहे आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं मानायला कारण असलं, तर पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने त्याला संरक्षणात घ्यायचं. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. माणूस बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा, हीसुद्धा त्यांचीच जबाबदारी. तपासणीत दाखल करण्याजोगं काही आढळलं नाही, तर बेघर माणसाला सरकारी निवाऱ्यात पोचवायचं, हेही त्याच कलमात आहे.

आता व्यवहारात काय करायचं. आधी हद्द ओळखा. फलाट आणि रेल्वेचा पूल लोहमार्ग पोलिसांचा. सॅटिस, म्हणजे स्टेशनबाहेरचा बसगाड्यांचा उंच पूल, आणि रिक्षा स्टँड ठाणेनगर पोलिसांचे. पूर्वेला बाहेर पडलात की कोपरी. नवी मुंबईत स्टेशनच्या आतलं प्रकरण असेल तर तिकडचे लोहमार्ग पोलिस, बाहेरचं असेल तर शहर पोलिस. हद्दीवरून टोलवाटोलवी सुरू झाली तर ११२ ला फोन करा, म्हणजे कॉलची नोंद राहते. माणसावर गुन्हा घडला असेल, मारहाण किंवा अत्याचार, तर हद्द कुठलीही असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हे शांतपणे सांगा.

पोलिस ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराकडे एक पानी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर साधा असावा: 'अमुक ठिकाणी अमुक दिवसांपासून एक महिला, वय अंदाजे ४०, एकटी फिरत आहेत. त्या स्वतःशी बोलतात, रहदारीत मधोमध उभ्या राहतात, दोन दिवसांपासून जेवलेल्या नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०० नुसार त्यांना संरक्षणात घेऊन तपासणीसाठी न्यावे, ही विनंती. सोबत महिला पोलिस असाव्यात.' 'वेडी', 'मनोरुग्ण' हे शब्द लिहू नका, डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. निदान डॉक्टर करतील. पोलिसांशी वाद घालून काहीच साधत नाही. रात्री दोन वाजता एकट्या हवालदाराकडे गाडी नसते, बाई कर्मचारी नसते, ही त्यांची खरी अडचण आहे. आम्ही गाडीची सोय करतो म्हटलं की बहुतेकदा काम पुढे सरकतं.

याच कायद्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. प्रत्येक माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतो, असं धरूनच तो कायदा चालतो. वागणं आपल्यासारखं नाही, कपडे मळके आहेत, देवाशी मोठ्याने बोलतो, एवढ्यावर कुणाला आजारी ठरवता येत नाही. हात-पाय बांधून, दोघांनी धरून गाडीत कोंबणं ही मदत होत नाही. बोलण्यात भीती किंवा जीव देण्याचे विचार आले, पण माणूस समजून उत्तर देतोय, तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर त्याचं समुपदेशकाशी बोलणं करून द्या. ती सेवा चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही आहे.

रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठीच काम करणारं कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आपल्याला लोकलने जवळ आहे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना याच कामासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचार करून माणसाला त्याच्या गावी घरापर्यंत पोचवणं हे त्यांचं वैशिष्ट्य. नवीन पनवेलजवळचा सील आश्रमही निराधारांना सांभाळतो. पण न विचारता गाडी भरून नेऊ नका. आधी फोन, जागा आहे का, पोलिसांचं कुठलं पत्र लागेल, सगळं विचारून मग निघा.

निवारा

बेघरांसाठी एक लाख लोकवस्तीमागे १०० जणांचा, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आणि केंद्राच्या योजनेतून ठरलेलं माप आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेत १८ लाखांवर लोक होते, नवी मुंबईत ११ लाखांवर. म्हणजे तेव्हाच्याच आकड्याने १८ आणि ११ निवारे. तुमच्या प्रभागात किती आहेत, ते पालिकेच्या समाजविकास विभागात विचारा, आणि नसतील तर नगरसेवकाला पुन्हा पुन्हा विचारा.

माणसाला तिथे नेण्याआधी स्वतः एकदा जाऊन या. बायकांना वेगळी खोली आणि आतून लागणारी कडी आहे का? रात्री कोण असतं? जिने चढावे लागतात का? सामान कुठे ठेवायचं? मग जे पाहिलंत ते त्या माणसाला खरं खरं सांगा. तो 'नाही' म्हणाला तर त्याचं कारण ऐका. एका काकांचं कारण होतं त्यांची कुत्री, 'ती कुठं जाईल?' कुत्रीची सोय लागली आणि काका दुसऱ्या दिवशी आपणहून आले.

माणसाला माणसापासून धोका असेल तर

आपण सगळे 'घरी पोचवायला' उतावीळ असतो. पण घरातूनच मार खाऊन कुणी बाहेर पडलेलं असू शकतं. म्हणून घरच्यांना फोन करण्याआधी त्या माणसाला विचारा: 'कळवू का? कुणाला कळवू? कुणाला अजिबात कळवू नको?' घरचे आले तरी लगेच हात हातात देऊ नका. पोलिसांसमोर ओळख पटू द्या, आणि माणूस त्यांना पाहून अंग चोरतो का, ते बघा.

म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम टाकून गेले असतील, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २४ खाली तो गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन, एल्डरलाइन १४५६७.

कुणी धमकावून भीक मागायला बसवत असेल, संध्याकाळी येऊन पैसे काढून नेत असेल, तर भीक मागणाऱ्यावर चिडू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ने भीक मागायला लावणं हे मानवी तस्करीतल्या शोषणात धरलं आहे. पैसे नेणाऱ्याला स्वतः अडवायला जाऊ नका. वेळ, गाडीचा क्रमांक, वर्णन लिहून पोलिसांना द्या. अलीकडे आणखी एक प्रकार दिसतो: पाचशे रुपये देऊन बेघर माणसाच्या नावावर सिमकार्ड आणि बँक खातं काढतात, आणि फसवणुकीची चौकशी त्याच्यापर्यंत येते. 'कुठे अंगठा दिला का?' हे हळूच विचारत जा.

भिक्षेकरी पकडण्याच्या मोहिमेत तुमच्या ओळखीचं माणूस गेलं, तर कुठल्या न्यायालयापुढे उभं करणार ते त्याच दिवशी शोधा. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवण्याची तरतूद आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००.

कागदपत्रं

घाई नको, आधी तब्येत. मग आधार. नव्या नोंदणीसाठी ठसे दिल्यावर जुनी नोंद असल्याचं कळून अर्ज परत येतो, आणि त्यातूनच हरवलेल्या माणसांची घरं सापडली आहेत. मतदार यादीत नाव घालायला बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन पाहतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. बँक पासबुक त्या माणसाजवळच राहू द्या, फार तर निवाऱ्याच्या कपाटात. आपल्या घरी कधीच नको.

वही

आमच्याकडे दोनशे पानी वही आहे. माणसाला एक पान. तारीख, वेळ, जागा, तो काय म्हणाला त्याच्याच शब्दांत, कुणाच्या ताब्यात दिलं त्याचं नाव, पोलिस असतील तर बक्कल नंबर, वॉर्ड, खाट क्रमांक. वही एकाच्याच घरी कुलपात राहते. पानाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकत नाही. सोपवल्यावर तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन किंवा भेट, त्याच्या तीन रिकाम्या चौकटी पानाच्या तळाशी आधीच आखून ठेवतो. चौकट रिकामी दिसली की जो मोकळा असेल तो जातो.

कोपरीच्या आजोबांना दुसऱ्यांदा नेलं तेव्हा केस पेपरवर त्यांचं पूर्ण नाव होतं. अठरा दिवसांनी समाजसेवा अधीक्षकांचा फोन आला, 'उद्या सोडतोय.' आम्ही सकाळी साडेनऊला वॉर्डात होतो, निवाऱ्याच्या काळजीवाहक ताईंना सोबत घेऊन. ड्रेसिंग दर दोन दिवसांनी कुणी करायचं, ते सिस्टरांनी ताईंनाच समजावलं. आजोबांनी पिशवीतून घडी घातलेले बिस्किटांचे कागद काढून मोजले, परत ठेवले आणि रिक्षात बसले. त्यांच्या पानावरची तिसाव्या दिवसाची चौकट भरलेली आहे: 'जखम सुकली. भावाशी फोनवर बोलले. गावी जायचं नाही म्हणतात, इथेच राहायचं.'